लाकडी दारातील दुहेरी काच : पाणी अडविणे आणि पाणी सोडणे

पावसाळी प्रदेशात इमारतीच्या टिकाऊपणाचा विचार सुरू झाला की प्रथम छपराकडे आणि त्यानंतर पायाकडे लक्ष जाते. दर्शनी दाराची आठवण बहुधा ते फुगून चौकटीत अडकू लागल्यावरच होते. वास्तविक सार्वजनिक इमारतीत सर्वांत अधिक हाताळला जाणारा भाग म्हणजे दार. ऊन, झड, धूळ आणि दिवसाकाठी शेकडो वेळा होणारी उघडझाप हे सर्व त्याला सोसावे लागते. त्यातही दार लाकडी असून त्यात काच बसविलेली असेल, तर लाकूड व काच यांचा सांधा हे त्याचे सर्वांत नाजूक स्थान ठरते.

महाबळेश्वर, माथेरान येथील जुन्या बंगल्यांतून काचेची लाकडी दारे आजही दृष्टीस पडतात. लाकडात खाच पाडावयाची, तीत जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली लांबी पसरावयाची, काच दाबून बसवावयाची आणि वरून लांबीचा उतरता थर द्यावयाचा अथवा पट्टी ठोकावयाची, ही पद्धत सुतारांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. एकेरी काचेसाठी ती चुकीची नव्हती आणि आजही नाही. मात्र गेल्या काही वर्षांत कार्यालये, रुग्णालये, विश्रामगृहे व वाचनालये यांच्या अंदाजपत्रकांत एकेरी काचेच्या जागी दुहेरी काच येऊ लागली आहे. केंद्र सरकारने २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली व २०१७ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. त्यामुळे मोठ्या इमारतींच्या आराखड्यांत काचेतून जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब होऊ लागला. साहित्य बदलले, पण ते बसविण्याची रीत अनेक ठिकाणी जुनीच राहिली. दुहेरी काच अकाली निकामी होते, तिचे मूळ पुष्कळदा या विसंगतीत असते.

दुहेरी काच म्हणजे काय

दुहेरी काच म्हणजे एकीमागे एक ठेवलेल्या दोन सुट्या काचा नव्हेत. कारखान्यातच कडेने कायमचा बंद केलेला तो एक संच असतो. दोन काचांच्या मध्ये चारही बाजूंनी धातूची किंवा प्लॅस्टिकची पोकळ पट्टी असते आणि त्या पोकळीत ओलावा शोषून घेणारे बारीक मणी भरलेले असतात. पट्टी व काच यांच्यामध्ये ब्युटिलचा पातळ थर असतो. तो बाष्पाला अडवितो. त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड, पॉलियुरेथेन किंवा सिलिकोन यांचा जाड थर देण्यात येतो. तो दोन्ही काचा एकत्र धरून ठेवतो. मधल्या जागेत कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू असतो. सहा मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटरची पोकळी असा २४ मिलिमीटरचा संच पुष्कळ वापरला जातो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत टी. डी. स्टेट्सन यांनी १८६५ साली अशा काचेचे एकस्व घेतले होते. तिचे कारखान्यातील उत्पादन मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात सुरू झाले आणि थंड हवेच्या देशांत ती घरोघर पोहोचली. तिच्या उपयुक्ततेचे रहस्य काचेत नसून मधल्या स्थिर हवेत आहे. आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना एकेरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ५.७ वॅट उष्णता पार होते. साध्या दुहेरी काचेत हेच प्रमाण सुमारे २.८ वॅटवर येते. काचेच्या आतील अंगाला उष्णता परतविणारा अदृश्य लेप असेल व पोकळीत आर्गॉन असेल, तर ते सव्वा वॅटच्या आसपास उतरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हे आकडे आतल्या व बाहेरच्या हवेतील तापमानाच्या फरकाचे आहेत, अंगावर येणाऱ्या थेट उन्हाचे नव्हेत. साधी दुहेरी काच उन्हातील उष्णता फारशी अडवीत नाही. त्यासाठी लेप हवा, किंवा त्याहून स्वस्त असा छज्जा हवा. आवाजाच्या बाबतीतही सारख्या जाडीच्या दोन काचांचा लाभ अपेक्षेपेक्षा कमी असतो. दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घेतल्यास तो वाढतो. सर्व खिडक्या-दारे दिवसभर उघडी राहणाऱ्या किनारपट्टीवरील शाळेच्या दारात दुहेरी काच घालणे हा निधीचा सदुपयोग म्हणता येणार नाही. वातानुकूलित प्रयोगशाळा, लस साठविण्याची खोली, संगणक कक्ष किंवा हिवाळ्यात गारठणाऱ्या गिरिस्थानावरील वसतिगृह अशा ठिकाणी मात्र तिचे प्रयोजन आहे.

हानी कशी होते

संच बंद असला तरी तो निश्चल नसतो. दुपारच्या उन्हात मधली हवा प्रसरण पावते व काचा बाहेरच्या बाजूला किंचित फुगतात. सायंकाळी सर आली की हवा आकुंचन पावते व काचा आत ओढल्या जातात. हा श्वासोच्छ्वास रोज चालतो आणि त्याचा सर्व ताण कडेच्या सांध्यावर पडतो. सांधा कोरडा असेल तर तो हा ताण अनेक वर्षे सोसतो. परंतु संचाची खालची कड पाण्यात उभी राहिली, तर चिकटद्रव्याची काचेवरील पकड हळूहळू सैल होते आणि बाष्प आत शिरू लागते. पट्टीतील मणी प्रारंभी ते शोषून घेतात. त्यांची क्षमता संपली की एका सकाळी दोन काचांच्या मध्ये धुके दिसू लागते.

हे धुके पुसता येत नाही. संच उघडून स्वच्छ करता येत नाही. आणि दारात वापरावयाची काच कडक केलेली असल्याने ती कापून दुसरीकडे वापरण्याचीही सोय नसते. संपूर्ण संच टाकून नवा मागवावा लागतो. तो मापानुसार बनवून घ्यावा लागत असल्याने खर्चाबरोबर कालापव्ययही होतो. दरम्यानच्या काळात साचलेले पाणी काचेपुरते थांबत नाही. ते झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत मुरते, कुसाचे सांधे कुजू लागतात आणि काचेची तक्रार दाराच्या तक्रारीत रूपांतरित होते.

दव आणि बिघाड यांतील फरक मात्र समजून घ्यावा, अन्यथा चांगला संच नाहक बदलला जातो. काचेच्या खोलीकडील बाजूस पाणी जमले असेल तर खोलीतील हवा दमट आहे, एवढाच त्याचा अर्थ. पहाटे बाहेरील बाजूस दव जमले असेल तर ते उलट चांगले लक्षण होय. आतील उष्णता बाहेरील काचेपर्यंत पोहोचत नाही असे त्यातून दिसते. बोटाने कोणत्याही बाजूने पुसले न जाणारे दव तेवढे सांधा फुटल्याचे चिन्ह आहे. शाळेत बाष्पीभवन व संघनन शिकविताना दर्शनी दारावर हा पाठ सहज घेता येईल.

अडविणे पुरेसे का नाही

पाणी आत येऊ नये म्हणून संच चारही बाजूंनी लांबीत किंवा चिकटद्रव्यात पूर्णपणे बसवावा, कोठेही पोकळी ठेवू नये, हा विचार स्वाभाविक वाटतो. एकेरी काचेच्या अनुभवातून तो आलेला आहे. अडचण लाकडाच्या स्वभावाची आहे. लाकूड पावसाळ्यात ओलावा घेऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते; सागवानही याला अपवाद नाही, फक्त त्याची हालचाल कमी असते. वर्षभराच्या या हालचालीत लाकूड व चिकटद्रव्य यांच्यामध्ये केसाएवढी चीर कोठे ना कोठे पडतेच. अशा बारीक चिरेत पाणी आपोआप ओढले जाते, वाऱ्याचा दाब त्यात भर घालतो. आणि एकदा आत गेलेल्या पाण्याला त्याच चिरेतून बाहेर येता येत नाही. म्हणजे सांधा जितका घट्ट बंद, तितके आत गेलेले पाणी अधिक काळ कोंडलेले राहते.

कोकणातील कौलारू छपराचे तत्त्व येथे आठवावे. कौले एकमेकांना चिकटविलेली नसतात. एक थेंबही आत येणार नाही असा त्यांचा दावा नसतो. उतार, एकावर एक येणारी कड आणि शेवटी मोकळी पागोळी यांच्या योगाने पाणी थांबण्यापूर्वीच ते वाहून जाते, आणि खालून खेळणारी हवा जे काही ओले झाले असेल ते सुकविते. लाकडी दारातील दुहेरी काचेसाठी ब्रिटनमध्ये व युरोपात रूढ झालेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. बाहेरून पाणी शक्य तितके अडवावयाचे. तरीही आत आलेल्या पाण्याला काचेच्या कडेभोवती मोकळी जागा ठेवावयाची. आणि त्या जागेतून त्याला खाली व बाहेर काढून द्यावयाचे. अशा मोकळ्या, हवा खेळणाऱ्या खाचेत संचाची कड ओली झाली तरी भिजत राहत नाही.

खाच, ठोकळे आणि पट्टी

पहिला प्रश्न दाराच्या जाडीचा येतो. २४ मिलिमीटरचा संच, त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मिलिमीटरची फोमची पट्टी, एका बाजूला लाकडाचा दहा मिलिमीटर ओठ आणि दुसऱ्या बाजूला किमान बारा मिलिमीटरची काचपट्टी, अशी बेरीज ५२ मिलिमीटरपर्यंत जाते. नेहमीच्या ३० किंवा ३५ मिलिमीटरच्या झडपेत हा संच बसणारच नाही. तो बसविण्याच्या खटाटोपात ओठ तासला जातो, फोमची पट्टी गाळली जाते आणि काच लाकडाला टेकते. जुन्या झडपेत दुहेरी काच घालण्याचा प्रस्ताव आल्यास प्रथम झडपेची जाडी मोजावी. बहुतेक वेळा प्रस्तावाचा निकाल तेथेच लागेल.

दुसरा प्रश्न वजनाचा. काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलोग्रॅम वजन असते. साठ सेंटिमीटर रुंद व दीड मीटर उंच संचाचे क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर. त्यात एकूण बारा मिलिमीटर काच, म्हणजे वजन २७ किलोग्रॅम झाले. पाच मिलिमीटरच्या एकेरी काचेचे ते सव्वाअकरा किलोग्रॅमच असते. त्यामुळे दोन बिजागऱ्यांवर भागत नाही. तीन किंवा चार जड बिजागऱ्या लागतात.

हे वजन लाकडावर थेट टेकू द्यावयाचे नसते. खाचेच्या तळाशी कठीण प्लॅस्टिकचे किंवा रबराचे ठोकळे ठेवून त्यांवर संच उभा करतात, आणि कडेभोवती सर्व बाजूंनी सुमारे पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. ठोकळ्याची रुंदी संचाच्या पूर्ण जाडीएवढी असावी. एकच काच ठोकळ्यावर आणि दुसरी अधांतरी राहिली तर दोन काचांमधला सांधा सतत कातरला जातो. दारात ठोकळ्यांची जागाही विचारपूर्वक ठरवावी लागते. झडप एका बाजूने लटकलेली असल्याने कडीकडील कोपरा खाली झुकू पाहतो. म्हणून बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यात आणि कडीकडील वरच्या कोपऱ्यात ठोकळे घट्ट बसवितात. काचेचा संचच मग तिरक्या टेकूसारखा झडपेला ताठ ठेवतो. कुशल सुतार हे न सांगता करतात. घाईच्या कामात मात्र सुताराच्या हातात काचवाल्याने आणलेला संच पडतो आणि दोघांपैकी कोणीच ठोकळ्यांची जबाबदारी घेत नाही.

खाचेची उंची अठरा मिलिमीटरच्या आसपास असावी, म्हणजे संचाची कड व तिच्यातील धातूची पट्टी पूर्णपणे झाकली जाते. हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. कडेवरील काही चिकटद्रव्ये सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी खराब होतात. खाचेचा तळ बाहेरच्या बाजूस उतरता तासावा आणि काच बसविण्यापूर्वी संपूर्ण खाच, कापलेले टोक व भोकांच्या आतील अंगासह, रंगाच्या अस्तराने बंद करावी. तेल किंवा मेण चोळलेल्या लाकडावर चिकटद्रव्य धरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

खालच्या काचपट्टीखालून पाणी बाहेर पडण्यासाठी वाट ठेवतात. त्यासाठी पट्टी लहान ठोकळ्यांवर किंचित उचलून बसवितात, किंवा तिच्या तळाशी खाचे पाडतात, अथवा आडव्या लाकडातून तिरकी भोके काढतात. भोकांचा व्यास आठ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. फार लहान भोकाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडकून राहतो आणि भोक असूनही नसल्यासारखे होते. ठोकळे या वाटेच्या आड येणार नाहीत अशी योजना करावी. खालची पट्टी झडपेच्या पृष्ठभागापेक्षा थोडी पुढे आलेली, वरून उतरती आणि खालून पन्हळ कोरलेली असावी, म्हणजे पाणी मागे न वळता टपकते.

पट्ट्या शक्यतो पितळी किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाच्या स्क्रूंनी, १५० ते २०० मिलिमीटर अंतरावर बसवाव्यात. खाऱ्या हवेत लोखंडी खिळ्यांचे काय होते ते किनारपट्टीवरील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेरच्या बाजूने बसविलेली पट्टी बाहेरूनच काढता येते, म्हणून मौल्यवान साहित्य असलेल्या खोलीच्या दारास ती आतून बसवावी. त्या वेळी पाण्याची वाट मात्र लाकडातूनच काढावी लागते.

लांबी आणि सिलिकोन

जवसाच्या तेलाच्या लांबीचा येथे पूर्णपणे त्याग करावा लागतो. तिच्यातील तेल संचाच्या कडेवरील ब्युटिलला मऊ करते, आणि बाहेरून नीटनेटके दिसणारे काम आतून बिघडू लागते. सिलिकोनच्या सर्व नळ्या सारख्या नसतात, हेही अनेकांच्या ध्यानी नसते. काही सिलिकोन सुकताना शिरक्यासारखा आंबट वास देतात. त्यातून निघणारे आम्ल कडेवरील काही चिकटद्रव्यांना अपायकारक असते. दुहेरी काचेसाठी उदासीन जातीचे सिलिकोनच घ्यावे. नळीवरील मजकूर वाचता आला नाही तरी नाकाने ही परीक्षा होते.

काचेच्या दोन्ही अंगांना लावावयाची फोमची पट्टी बंद छिद्रांची असावी. उघड्या छिद्रांची पट्टी स्पंजाप्रमाणे पाणी पिते व ते कडेशी धरून ठेवते. ही पट्टी लाकडाच्या वरच्या कडेपर्यंत न नेता चार-पाच मिलिमीटर खाली थांबवितात आणि उरलेल्या जागेत उदासीन सिलिकोन भरून त्याला काचेकडून बाहेर असा उतार देतात. सपाट किंवा खोलगट भरलेल्या सांध्यावर पाणी थांबते.

घाट चढताना

समुद्रसपाटीवर बंद केलेल्या संचात तेथील हवेचा दाब कोंडलेला असतो. असा संच मुंबईत तयार करून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास नेला, तर बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ पंधरा टक्क्यांनी कमी होतो. काच मुळीच वाकली नसती तर प्रत्येक चौरस मीटरवर दीड हजार किलोग्रॅमच्या आसपास जोर आला असता. प्रत्यक्षात काचा फुगतात व बराचसा ताण निवळतो. मोठी काच सहज वाकते. लहान व अरुंद काच वाकत नाही, म्हणून दारातील चिंचोळ्या संचांच्या सांध्यावरच अधिक भार येतो. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरील गावी दाबातील घट सुमारे एक तृतीयांश असते. याकरिता मागणीपत्रात इमारतीचे समुद्रसपाटीपासूनचे अंतर लिहिणे इष्ट होय. त्यानुसार दाब समान करणारी बारीक नळी बसविलेले संच मिळू शकतात.

पट्टी बंद होण्यापूर्वी

या कामातील खरी अडचण तांत्रिक नसून तपासणीची आहे. ठोकळे, मोकळी जागा, अस्तर, पाण्याची वाट या सर्व गोष्टी काचपट्टी बसताच दृष्टीआड होतात. काम पूर्ण झाल्यावर पाहणी करणाऱ्यास स्वच्छ काच व चकचकीत रंग एवढेच दिसते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि देयक मंजूर होते. दोष दिसू लागतो तेव्हा कंत्राटदाराची जबाबदारीची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. म्हणून ग्रामपंचायतीने अथवा शाळा समितीने पाहणी एकदाच करावयाची असेल, तर ती पट्टी बसण्यापूर्वीच्या दिवशी करावी आणि तशी अट कामाच्या आदेशात आधीच घालावी. कनिष्ठ अभियंत्यास त्या दिवशी हजर राहणे शक्य नसेल तर खाचेची छायाचित्रे काढून ठेवता येतात. आज प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे.

पाहणीची पद्धत सोपी आहे. संच ठेवण्यापूर्वी रिकाम्या खाचेत वरून तांब्याभर पाणी ओतावे. ते थांबून न राहता भोकांतून बाहेर पडले पाहिजे. बाहेर पडल्यावर ते झडपेच्या अंगाने ओघळत न जाता टपकले पाहिजे. खाच पूर्ण सुकल्यावर संच ठोकळ्यांवर ठेवावा आणि चारही कडांची मोकळी जागा पाहावी. काच सुरक्षित जातीची असल्याची खूण तिच्या कोपऱ्यावर उमटविलेली असते. भारतीय मानक २५५३ हे या काचेसंबंधीचे आहे. मुलांची ये-जा असलेल्या दारात साधी काच कोणत्याही सबबीवर स्वीकारू नये. मापाबाबत सांगावयाचे तर खाचेची रुंदी व उंची तीन-तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरावे, त्यातून दहा मिलिमीटर वजा करावेत आणि मग संच मागवावा. कडक केलेली काच नंतर तासता येत नाही.

देखभालीचे काम थोडेच आहे, पण ते वर्षातून एकदा व्हावयास हवे. मृग नक्षत्राच्या आधी, छपराची कौले चाळण्याच्या सुमारास, सिलिकोनचा सांधा कोठे सुटला आहे का ते नखाने चाचपून पाहावे, खालच्या पट्टीच्या वरील रंग उडाला असल्यास हात मारावा आणि पाण्याची भोके तारेने साफ करावीत. रंगारी पुष्कळदा ही भोके दोष समजून लांबीने बुजवून टाकतात; रंगकाम काढताना त्यांना तशी आधीच ताकीद द्यावी. उन्हाळ्यात कुंभारीण माशीही नेमकी याच भोकांत मातीचे घर बांधते.